नोकरभरती, ताण आणि कामगिरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण-सातपूरकडचे लघुउद्योजक, एचआरमध्ये नव्याने आलेली मुलंमुली आणि नोकरी शोधणारे उमेदवार पुन्हा पुन्हा जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं औद्योगिक मानसशास्त्रातल्या संशोधनावर बेतलेली आहेत. जिथे माझं मत आहे, तिथे तसं म्हटलं आहे.

१. औद्योगिक मानसशास्त्र म्हणजे मोटिव्हेशनची व्याख्यानं का?

नाही. माणूस कामाला कसा निवडावा, तो कशाने थकतो, कशाने टिकतो, त्याचं काम कशाने सुधारतं, याचा मोजमाप करून केलेला अभ्यास म्हणजे औद्योगिक मानसशास्त्र. ही शाखा शंभर वर्षांहून जुनी आहे. ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी पहिल्या महायुद्धाच्या आधीच अमेरिकेत ट्रामचालकांसाठी चाचण्या तयार केल्या होत्या. व्याख्यानाने सभागृहात उत्साह येतो. तो पुढच्या महिन्यात मशीनवर उरला का, हे मोजून पाहणं या शास्त्राचं काम आहे.

२. उमेदवार निवडायची सगळ्यात भरवशाची पद्धत कोणती? एकच सांगा.

एकच सांगायची तर साचेबद्ध मुलाखत. म्हणजे सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि प्रत्येक उत्तराला आधी ठरवलेल्या निकषावर गुण.

१९९८ साली फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून कोणती पद्धत पुढची कामगिरी किती ओळखते, याचे आकडे मांडले. ० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे तंतोतंत. त्यात बुद्धिमापन चाचणी आणि साचेबद्ध मुलाखत दोन्ही ०.५१ वर होत्या. पुढची वीस-पंचवीस वर्षं पाठ्यपुस्तकं याच आकड्यांवर चालली.

२०२२ साली पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हिशेब पुन्हा तपासला. कामगिरी मोजता येते ती कामावर घेतलेल्यांचीच, नाकारलेल्यांची नाही. ही उणीव भरून काढायला जुन्या अभ्यासांत आकडे गणिताने वर नेले जात, आणि बऱ्याच ठिकाणी ते गरजेपेक्षा जास्त वर गेले होते. नव्या हिशेबात साचेबद्ध मुलाखत ०.४२, कामाच्या ज्ञानाची चाचणी ०.४०, प्रत्यक्ष काम करून दाखवणं ०.३३, बुद्धिमापन ०.३१ आणि नेहमीची मोकळी मुलाखत ०.१९ वर आली.

म्हणजे सर्वोत्तम पद्धतही अर्ध्या वाटेपर्यंत पोचत नाही. त्याचे परिणाम प्रश्न १५ मध्ये.

३. मी तीस वर्षं धंद्यात आहे. माणूस समोर बसला की पाच मिनिटांत ओळखतो. हे खोटं का?

तुमचा अनुभव खरा आहे, पण त्याला एक मोठी फट आहे. ज्यांना तुम्ही नाकारलंत ते पुढे कसे निघाले, हे तुम्हाला कधीच कळत नाही. ज्यांना घेतलंत, त्यांच्यातले चांगले निघालेले लक्षात राहतात.

ही फट एकदा योगायोगाने उघडी पडली. १९७९ साली टेक्सास विधिमंडळाने ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेश संपत आल्यावर ५० जागा वाढवायला लावल्या. तोवर चांगल्या गुणांकनाचे विद्यार्थी इतरत्र गेले होते, म्हणून मुलाखतीत तळाला राहिलेल्यांतून ५० जण घ्यावे लागले. पुढे अभ्यासात, रुग्णांसोबतच्या कामात आणि गळतीच्या प्रमाणात या ५० जणांत आणि आधी निवडलेल्यांत फरक सापडला नाही. मुलाखत मंडळाने ज्यांना नको म्हटलं होतं, ते तितकेच चांगले डॉक्टर होण्याच्या वाटेवर होते.

दुसरा प्रयोग २०१३ चा, जेसन डेना आणि सहकाऱ्यांचा. विद्यार्थ्यांना दुसऱ्या विद्यार्थ्यांचे पुढच्या सत्राचे गुण ओळखायला सांगितले. ज्यांच्याकडे फक्त जुने गुण होते, त्यांचे अंदाज जास्त बरोबर आले. ज्यांनी त्यावर मोकळी मुलाखतही घेतली, त्यांचे अंदाज बिघडले. काही मुलाखतींत तर समोरचा ठरवून वाटेल तशी उत्तरं देत होता. तरी मुलाखत घेणाऱ्यांना आपल्याला माणूस समजला असंच वाटत राहिलं.

माझं मत स्पष्ट आहे: अशा मोकळ्या गप्पांवर कुणाची नोकरी ठरवू नये. गप्पा जरूर मारा, पण गुण देऊन झाल्यावर.

४. आमचं वीस माणसांचं वर्कशॉप आहे. साचेबद्ध मुलाखत घ्यायची कशी?

मोठ्या कंपनीपेक्षा तुम्हाला सोपं आहे, कारण काम तुमच्या डोळ्यांसमोर होतं. समजा क्वालिटी इन्स्पेक्टर हवा आहे. आधी तुमच्याकडचा उत्तम इन्स्पेक्टर आणि काढून टाकावा लागलेला इन्स्पेक्टर यांच्यात नेमका फरक काय होता, ते लिहून काढा. ड्रॉइंग वाचता येणं, मापात सातत्य, आणि माल अडवल्यावर प्रॉडक्शनच्या सुपरवायझरने आवाज चढवला तरी नोंद न बदलणं, असं काहीतरी निघेल.

त्यावरून पाच-सहा प्रश्न करा. "लॉट नापास केला आणि सुपरवायझर म्हणाला, गाडी उभी आहे, सोडून दे. असं कधी झालं होतं का? तुम्ही काय केलंत?" उत्तम, मध्यम आणि कमकुवत उत्तर कसं असेल हे आधीच ठरवून ठेवा. प्रत्येक उत्तर झालं की लगेच गुण द्या. दोघं जण मुलाखत घेत असाल तर एकमेकांशी न बोलता द्या. मग मायक्रोमीटर, ड्रॉइंग आणि चार पीस पुढे ठेवा आणि मोजायला सांगा. या शेवटच्या पंधरा मिनिटांत बायोडाटापेक्षा जास्त कळतं.

मग अंतःप्रेरणेचं काय करायचं? १९५०च्या दशकात तरुण डॅनियल कानेमन इस्रायली सैन्याची भरती सुधारत होते. त्यांनी मुलाखत घेणाऱ्यांना सहा स्वभाववैशिष्ट्यांवर वेगवेगळे, वस्तुनिष्ठ गुण द्यायला लावले. मुलाखतकार नाराज झाले, तेव्हा त्यांना सांगितलं की सगळे गुण देऊन झाले की डोळे मिटा आणि हा सैनिक कसा होईल याचा एक आकडा मनाने द्या. तो आकडाही उपयोगी निघाला, पण शिस्तीने माहिती गोळा केल्यानंतरचा.

५. जाहिरातीत "किमान १० वर्षं अनुभव" टाकू का?

काम करायला अमुक अनुभव खरोखर लागत असेल तर टाका. नुसती वर्षं मोजून फारसं हाती लागत नाही: २०२२ च्या हिशेबात वर्षांचा आणि कामगिरीचा संबंध ०.०७ आहे. अनुभवातून काय शिकलं, ते प्रश्न ४ मधल्या पद्धतीने विचारा.

६. एमबीटीआय, हस्ताक्षर चाचणी, पत्रिका, यांतलं काय वापरावं?

भरतीसाठी यांपैकी काहीच नको. एमबीटीआय ही माणसांना ठरावीक प्रकारांत बसवणारी व्यक्तिमत्त्व चाचणी. ती चालवणारी संस्थाच सांगते की ती निवडीसाठी वापरू नका. हस्ताक्षरावरून कामगिरी ओळखण्याचा आकडा १९९८ च्या संकलनात ०.०२ होता, म्हणजे जवळजवळ शून्य. पत्रिकेला कसलाही आधार नाही, आणि जन्मवेळेवरून कुणाची रोजीरोटी अडवणं मला अन्यायकारक वाटतं. व्यक्तिमत्त्व चाचणीच हवी असेल तर पंचगुण प्रतिमानावरची (बिग फाइव्ह, म्हणजे स्वभाव पाच गुणांत मोजणारी) घ्या. त्यातला कर्तव्यदक्षता हा गुण बहुतेक कामांत थोडा उपयोगी पडतो (०.१९). पण उमेदवाराला कोणतं उत्तर "बरोबर" आहे ते कळतं, हे लक्षात असू द्या.

७. मुलाखतीत "वडील काय करतात, गाव कुठलं, घरी कोण कोण असतं?" असं विचारतात. हे चालतं का? मी काय उत्तर देऊ?

आपल्याकडे हा प्रश्न इतका अंगवळणी पडला आहे की विचारणाऱ्याला त्यात काही गैर वाटतच नाही. सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्लीत मोठ्या खासगी कंपन्यांच्या एचआर प्रमुखांशी बोलून २००७ मध्ये लेख लिहिला. जवळजवळ सगळे म्हणाले की आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, आणि त्याच दमात म्हणाले की कौटुंबिक पार्श्वभूमी महत्त्वाची, त्यावरून संस्कार कळतात. त्या एका प्रश्नातून जात, वर्ग, गाव-शहर, सगळं आत येतं.

त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. बदललं होतं ते फक्त नाव. उच्चवर्णीय हिंदू आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. हे उमेदवार मुलाखतीच्या खोलीपर्यंत पोचलेसुद्धा नव्हते.

म्हणून भरती करणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: अर्ज चाळताना नाव, आडनाव, फोटो झाका. मुलाखतीत कुटुंबाचा प्रश्न काढून टाका. "लग्न कधी करणार?", "मूल लहान आहे, जमेल का?" हे मुलींनाच विचारले जाणारे प्रश्नही त्याच यादीत. शिफ्ट जमेल का हे जाणून घ्यायचं असेल तर शिफ्टची वेळ सांगा आणि सगळ्यांना तेच विचारा.

उमेदवार म्हणून तुम्ही थोडक्यात उत्तर देऊन बोलणं कामाकडे वळवू शकता: "घरचे गावी असतात. या कामासाठी मी पूर्ण वेळ उपलब्ध आहे. शिफ्टबद्दल काही अट असेल तर सांगा." उत्तर टाळल्याने नोकरी जाईल अशी भीती असते, ती मी खोटी म्हणणार नाही. पण ही जबाबदारी तुमची नाही, विचारणाऱ्याची आहे.

८. मग एसएसबीला पाच दिवस का लागतात? आणि यूपीएससीची मुलाखत?

एसएसबी म्हणजे सैन्यदलांतले अधिकारी निवडणारं मंडळ. त्याची मुळं दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश अधिकारी-निवड मंडळांत आहेत. त्याआधी अधिकारी बऱ्याच अंशी घराणं आणि शाळा पाहून निवडले जात. युद्धात ते पुरेना, म्हणून गटचर्चा, मैदानावरची कामं आणि मानसशास्त्रीय चाचण्या आल्या. आपल्या एसएसबीत मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा अधिकारी आणि मैदानावरचा गट परीक्षक असे तिघं स्वतंत्रपणे पाहतात. "मनसा, वाचा, कर्मणा" ही तिथली सूत्रबद्ध मांडणी. स्वतंत्र परीक्षक आणि प्रत्यक्ष कृती, ही दोन अंगं संशोधनाशी जुळतात. चित्रावरून गोष्ट लिहिण्यासारख्या चाचण्यांचा आधार मात्र कमकुवत आहे.

यूपीएससीत मुख्य परीक्षेचे १७५० गुण आणि मुलाखतीचे २७५, म्हणजे लेखीचं वजन जास्त. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या. कारण भ्रष्टाचाराचं दिलं गेलं, पण मोकळ्या मुलाखतीच्या कुवतीकडे पाहता (प्रश्न २) निर्णय शास्त्रीयदृष्ट्याही योग्यच होता.

९. एआयने बायोडाटा निवडला तर पक्षपात जाईल ना?

आपोआप जात नाही. यंत्र जुन्या निर्णयांवरून शिकतं. ॲमेझॉनने तयार केलेलं असं साधन बायोडाटात "महिला" असा उल्लेख दिसला की गुण कमी करत होतं, कारण आधीची भरती बहुतांश पुरुषांची होती. ते साधन बंद केल्याची बातमी २०१८ मध्ये आली. एआय वापरलं तरी निकष काय, हे तुम्हालाच ठरवावं लागेल.

१०. थोडा ताण असल्याशिवाय माणूस काम करत नाही, असं शास्त्रच सांगतं ना?

याला आधार म्हणून उलट्या "यू"ची आकृती दाखवली जाते: ताण वाढतो तशी कामगिरी वाढते, मग घसरते. तिचं मूळ यर्क्स आणि डॉडसन यांच्या १९०८ च्या प्रयोगात आहे. त्यांनी उंदरांना विजेचे झटके देऊन डबे ओळखायला शिकवलं होतं. तिथे कार्यालय नव्हतं, कर्मचारी नव्हते आणि "ताण" हा विषयही नव्हता.

नंतरच्या संशोधनाने जास्त उपयोगी फरक केला. अवघड पण शिकवणारं काम, मोठी जबाबदारी, खरी मुदत, यांनी दमणूक होते, पण कामगिरीला हातभारही लागू शकतो. अस्पष्ट सूचना, साहेबांची मनमानी, निरर्थक मंजुऱ्या आणि कार्यालयीन राजकारण यांनी मात्र माणूसही थकतो आणि कामही बिघडतं. "आमच्याकडे प्रेशर आहे" असं अभिमानाने सांगणाऱ्यांनी त्यातलं कोणतं प्रेशर आहे, ते पाहावं.

११. मग ताणाने आजार नेमका कशामुळे होतो? साहेबांनाही ताण असतोच की.

असतो. पण तो कोणाच्या शरीरावर जास्त उमटतो, हे लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या व्हाइटहॉल अभ्यासांनी दाखवलं. मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखालचा दुसरा अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला, त्यात १०,३०८ जण होते. सगळ्यांची नोकरी कायम आणि कार्यालयीन, तरीही हुद्दा जितका खालचा तितका हृदयविकार जास्त. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात घेऊनही फरक पूर्ण पुसला गेला नाही. त्याचा एक भाग एका गोष्टीशी जोडलेला होता: आपलं काम कसं, कधी, कोणत्या क्रमाने करायचं यावर आपला ताबा किती.

रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की मागणी जास्त आणि ताबा कमी, ही जोडी सगळ्यात घातक. भर गर्दीतल्या बसचा वाहक, टोकन संपत नाही असा बँकेचा काउंटर, सेकंदावर मोजलं जाणारं कॉल सेंटर, ही तशी कामं. योहानेस झिग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये दुसरी बाजू मांडली: घातलेले कष्ट आणि मिळालेला मोबदला, मान, सुरक्षितता यांत तफावत. कंत्राटी कामगाराला शेजारच्या कायम कामगाराइतकंच काम करून काय वाटतं, ते या मांडणीतून समजतं.

प्रमाण मात्र नीट ठेवू. २०१२ मध्ये युरोपातल्या सुमारे दोन लाख लोकांच्या माहितीवरून जास्त मागणी-कमी ताबा असलेल्या कामांत हृदयविकाराचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी जास्त दिसला. धूम्रपानाचा धोका याहून बराच मोठा आहे.

१२. बर्नआउट हा आजार आहे का? डॉक्टर तसं लिहून देतील का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात (आयसीडी-११) बर्नआउट आहे, पण आजार म्हणून नाही, कामाशी संबंधित स्थिती म्हणून. तीन खुणा: शक्ती संपून जाणं, कामापासून मनाने तुटणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं.

सुट्टीतही बरं वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, घरच्या गोष्टींतही रस उरला नसेल, तर ते नैराश्य असू शकतं, आणि नैराश्य हा उपचार होणारा आजार आहे. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन १४४१६ क्रमांकावर विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर हे उत्तर वाचत बसू नका, आत्ता फोन करा.

१३. कंपनीने योगा सेशन आणि मेडिटेशनचं ॲप दिलंय. त्याने ताण कमी होतो?

व्यक्ती म्हणून तुम्हाला योगाने बरं वाटत असेल तर जरूर करा. पण कंपनीने एवढं करून काम झालं म्हणणं चूक आहे. विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. असे कार्यक्रम घेणारे आणि न घेणारे यांच्या मानसिक स्वास्थ्यात सुधारणेचा फरक जवळपास नव्हता. प्रश्न ११ वाचल्यावर कारण लक्षात येईल: श्वास कसा घ्यायचा हे शिकवून कामावरचा ताबा वाढत नाही.

तासांचंही तेच. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कामगारांच्या नोंदी जॉन पेन्कॅवेल यांनी पुन्हा तपासल्या. आठवड्याला ७० तास काम करूनही उत्पादन ५६ तासांपेक्षा फारसं जास्त नव्हतं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सांगितलं की आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५-४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त असतो. शनिवारचं योगा सेशन रद्द करून शनिवारच मोकळा दिला तर बहुतेकांना जास्त उपयोग होईल, असं मला वाटतं.

१४. पगार दहा दिवस उशिरा झाला तर कामावर खरंच परिणाम होतो?

होतो, आणि हे आपल्या देशातच मोजलं गेलं आहे. ओडिशात पानांच्या पत्रावळी करणाऱ्या कामगारांवर प्रयोग झाला. काम नगावर, हंगाम हातात पैसे नसण्याचा. काहींना त्यांच्या कमाईचा भाग ठरल्या वेळेआधी दिला. रक्कम तीच, फक्त लवकर. त्यांचं उत्पादन सुमारे ७ टक्क्यांनी वाढलं, चुकाही कमी झाल्या, आणि फरक गरिबांत जास्त दिसला. उधारीची चिंता डोक्यात असताना हात चालत राहिले तरी लक्ष विभागलेलं असतं.

ओडिशातल्याच दुसऱ्या अभ्यासात एकाच गटातल्यांना कमी-जास्त रोजंदारी दिली. ज्यांना कमी मिळत होती त्यांचं काम आणि हजेरी दोन्ही घसरली. पण जिथे कोण किती माल काढतो हे सगळ्यांना स्पष्ट दिसत होतं, तिथे ही घसरण झाली नाही. फरक लोक सोसतात, त्याचं कारण दिसलं तर. अप्रेझलमध्ये नेमकं हेच दिसत नाही: वरिष्ठांनी दिलेल्या रेटिंगमधला अर्ध्याहून अधिक फरक रेटिंग देणाऱ्याच्या सवयींचा असतो, असं २००० सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात आढळलं. म्हणून रेटिंगसोबत प्रसंग लिहा: कोणत्या महिन्यात, काय केलं, काय राहिलं.

१५. सगळं नियमाप्रमाणे केलं, तरी घेतलेला माणूस चुकीचा निघाला. मग या शास्त्राचा उपयोग काय?

०.४२ चा अर्थ असाच आहे. शंभर भरतींत तुमचे निर्णय पूर्वीपेक्षा बरेच सुधारतील, पण एखादी भरती हमखास बरोबर येईल असं नाही. म्हणून एका उदाहरणावरून पद्धत बदलू नका. दिलेले गुण जपून ठेवा आणि वर्षाने कामगिरीशी ताडून पाहा.

आणि "चुकीचा माणूस" ठरवण्याआधी कामाची व्यवस्था तपासा. तारापूर आणि उंबरगाव इथल्या कापड गिरण्यांत निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सल्लागारांच्या मदतीने बिघाडांची नोंद, सुट्या भागांची मांडणी, दर्जाची रोजची तपासणी अशा साध्या गोष्टी बसवल्या. पहिल्याच वर्षी उत्पादकता सुमारे १७ टक्क्यांनी वाढली. त्यासाठी कामगार बदलावे लागले नव्हते. नव्या माणसाला पहिल्या महिन्यात कुणी शिकवलं, चूक कुठे झाली हे त्याला कुणी आणि कधी सांगितलं, हत्यारं हाताशी होती का, ही उत्तरं लिहून काढा. ती समाधानकारक असतील, तरच प्रोबेशन संपवायचा निर्णय घ्या.